एका शब्दाचं शुद्धिपत्र

तेहेतीस वर्षं मी भिवंडीच्या एका मराठी शाळेत मुलांच्या चुका काढल्या. लाल पेनानं. न-ण, श-ष, ऱ्हस्व-दीर्घ, काही म्हणून सोडलं नाही. माझ्या हातून गेलेली वही उघडली की आयांना वाटायचं, पोराला कुठे लागलंबिगलंय की काय! एवढ्या चुका काढून झाल्यावर आता माझीच एक चूक दुरुस्त करायला बसले आहे. चूक एकाच शब्दाची आहे. ती मी इटलीतल्या व्हेनिस शहरात केली, भर चौकात, घोटाभर पाण्यात उभी राहून. आणि ज्यांच्या बाबतीत केली त्या नागूबाई तेव्हा माझा हात धरून उभ्या होत्या.

नागूबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या. सरकारी कागदावर 'सेविका', पण त्या स्वतःला 'घंटावाली' म्हणायच्या. थोराड हाडाच्या, कपाळावर गोंदण, आवाज असा की घंटा बिघडली तरी शाळेचं अडलं नसतं. साडी बारा महिने घोट्याच्या वर चार बोटं खोचलेली. मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी, नव्या अधिकाराच्या भरात, त्यांना म्हटलं, "नागूबाई, साडी जरा खाली घ्या. शाळा आहे ही."

"पानी कवा येल सांगता येतं का बाई?"

"अहो, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत!"

"म्हनून तर चारच बोटं," त्या म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या.

त्या काल्हेरच्या. आता काल्हेर म्हटलं की गोडाऊन आणि ट्रक डोळ्यांसमोर येतात, पण नागूबाईंच्या लहानपणी तिथे खाडीलगत भातशेती होती. खाडीच्या बांधाला एक लाकडी दार असतं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून ते लावायचं आणि ओहोटी लागली की आतलं पाणी जाऊ द्यायला उघडायचं. त्याला उघाडी म्हणतात. गावची उघाडी नागूबाईंच्या वडिलांकडे होती. त्यामुळे ह्या बाईच्या डोक्यात घड्याळ नव्हतंच, भरती-ओहोटी होती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता खाडीच्या तोंडाशी भरती, आपल्याकडे पोचायला आणखी तास-दीड तास. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. हा हिशेब त्या इतक्या झटकन करत की आमचे गणिताचे सर खोटं हसून विषय बदलत.

अमावास्या-पुनवेला भरती जोराची असते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्त, तो भांग. हे दोन शब्द नागूबाई माणसांनाही लावायच्या. शाळेत एक नव्या बाई लागल्या, देशावरच्या, फार गंभीर. आठवड्यात माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "त्या शिपाईबाई शाळेत भांगेबद्दल बोलतात. मला म्हणाल्या, आज मोठ्या बाईंचा भांग हाय, रजा मागायची तर आजच मागा." मी नागूबाईंना बोलावलं आणि तक्रार ऐकवली. त्या हसता हसता खाली फरशीवरच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मग काय सांगू त्यांना? उधान हाय म्हनू?" त्या नव्या बाईंची रजा मी मंजूर केली. दुसरं करणार काय!

इथपर्यंतचं मी अनेकदा, अनेकांना, रंगवून सांगितलं आहे. नागूबाईंच्या गोष्टी सांगून मी बरीच वाहवा मिळवली. पुढचं सांगितलेलं नाही.

सहावीला मी सर्वनामं शिकवायची. भिवंडीत निम्मी मुलं घरी हिंदी बोलणारी, त्यांचा 'हम' सगळ्याला पुरतो. मराठीत तसं नाही, हे मी घसा फोडून सांगायची. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. "आम्ही जेवलो" आणि "आपण जेवलो" ह्यात समोरच्याचं पोट भरलं की नाही एवढा फरक आहे. नागूबाई वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून घंटेची वेळ होण्याची वाट बघत असायच्या. हा धडा त्यांनी वीसेक वेळा ऐकला असेल.

एक दिवस त्या स्टाफरूममध्ये चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "बाई, ह्यो च्या आमचा का आपला?"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. आमच्या कपबशा चिनी मातीच्या होत्या आणि नागूबाईंचा स्टीलचा पेला नकाशांच्या खोलीत खुंटीला असायचा, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. त्या नकाशांच्या खोलीत जेवायला बसत, तेही माझ्यामुळेच. फार पूर्वी एकदा त्यांनी स्टाफरूमच्या कोपऱ्यात डबा उघडला होता. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या जगाच्या नकाशाखाली बसून जेवू लागल्या.

त्यांच्या हिशेबावरही मी विश्वास ठेवला नाही. एका वर्षी बक्षीस समारंभ होळीच्या आदल्या दिवशी ठरला. आमचं मैदान सखल, पलीकडून नाला खाडीला जातो. नागूबाई सकाळी येऊन म्हणाल्या, "बाई, खुर्च्या मैदानात मांडू नका. बाराला पानी येल." वर आभाळ कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, "नागूबाई, तुमचं खाडीपुराण आज नको." बाराला पाच कमी असताना प्रमुख पाहुणे शिस्तीवर बोलत होते, तेव्हा मैदानाच्या गटाराच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर आलं. पाहुण्यांनी बोलता बोलता पाय वर घेतले. नागूबाईंनी साडी खोचलेली होतीच. त्यांनी पाहुण्यांना हात धरून बाहेर काढलं आणि मला एका शब्दानंही 'बगा, सांगितलं व्हतं' म्हटलं नाही.

त्यांची मुलगी दीपाली माझीच विद्यार्थिनी. माझ्या लाल पेनातून तावून निघालेली. ती शिकत शिकत कुठल्या कुठे गेली आणि व्हेनिसच्या विद्यापीठात खाडीच्या गाळावर संशोधन करू लागली. नागूबाई नकाशाच्या खोलीतून मला हाक मारून म्हणाल्या, "बाई, दाखवा कुठं हाय ते." मी इटलीचा बूट दाखवला, वर बोट ठेवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजी पोर चिखल शिकायला गेली. आमच्यात चिखल शिकायला विमान न्हाय लागत."

दीपालीनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं. मार्को त्याचं नाव. नागूबाईंनी त्याचा मारक्या केला आणि मग गावभर खुलासा करत फिरल्या, "नावाचाच मारक्या, गरीब हाय बिचारा."

त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मीही झाले. पुढच्या वर्षी दीपालीच्या बाळंतपणासाठी नागूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर व्हेनिसला गेल्या. नेमकी त्याच कार्तिकात माझी युरोपची सहल ठरलेली. तिच्यात व्हेनिसला एक दिवस. एक दिवस कसला, पाच तास. त्यातला एक तास मोकळा. नागूबाईंनी फोनवर बजावलं, "तो तास आमचा. घर दोन पुलांपलीकडं हाय. दीपा म्हनते, पाव्हन्यांत बालाला पहिल्यांदा बाईंनी हातात घ्यायचं. मी यीन न्यायला."

त्या तिथून मला व्हॉट्सॅपवर बोलून पाठवायच्या. रोज दोन-तीन मिनिटांचं. मी पहिली दहा सेकंदं ऐकायची आणि अंगठा पाठवून द्यायची. सगळं ऐकलं ते नंतर, तो दिवस होऊन गेल्यावर.

"बाई, हितं गाडी न्हाय. एक पन न्हाय. आमची काल्हेरची मानसं आनून सोडली पायजेत हितं, कानांना सुक लागंल. सगलं नावेतनं. काल समोरच्याचं कपडे धुवायचं मशीन नावेतनं आयलं. कचरा नावेतनं. मयत पन नावेतनंच नेतात."

"बाई, ह्या घरांच्या खाली लाकडाच्या मेढी ठोकल्यात चिखलात. शेकड्यांनी वर्सं झाली, कुजल्या न्हाईत. दीपा सांगते, चिखलात हवा लागत न्हाय म्हनून. मी बोलली, ते मना म्हाईत हाय. आमच्या उघाडीचं दार पन पान्याखालचं शाबूत असायचं, वरचंच कुजायचं. तर तिनं ते लिवून घेतलं."

"बाई, हितल्या समुद्राच्या तोंडावर पन उघाड्या बांदल्यात, लोखंडाच्या, ह्या एवड्या. मोटं पानी आयलं का उघाडी मारतात. बारक्या पान्याला न्हाय मारत. म्हनून चौकात येतं कवा कवा. आपला हिशेब हितं चुकतो, पानी तासभर आदीच येतं. पुनवेला साडेधा. मी भिंतीवर लिवून ठेवलंय."

"बाई, वरच्या माल्यावर एक म्हातारी हाय. तिचं मना कलत न्हाय, माजं तिला. ती दोरीनं टोपली खाली सोडते. मी भाकरी ठेवते, ती लिंबं ठेवते. आज तिनं एकेक खिडकी बोटानं दाखवली. ही बंद, ती बंद, ती पन बंद. मानसं गेली, घरं पाव्हन्यांना भाड्यानं दिली. आमच्याकडं गोडाऊन आयली, हितं पाव्हने आयले. आमी दोगी बसून राह्यलो जराशा."

व्हेनिसबद्दल ह्याहून खरं मला कोणी सांगितलेलं नाही. आणि मी अंगठा पाठवत होते.

आता माझ्या सहलीकडे येते. आमच्या गटात पुण्याची, दादरची, ठाण्याची मंडळी होती. पहिल्याच दिवशी ओळखी झाल्या. ठाण्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, मोत्यांच्या कुड्या, मऊ बोलणं, तिसऱ्यांदा युरोप. मला त्या भयंकर आवडल्या. त्यांना मी आवडावं असं मला का वाटलं कोण जाणे, पण वाटलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "ठाण्याच्याच."

भिवंडी म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर लूमचा खडखडाट आणि रस्त्यातले खड्डे उमटतात, ते मला नको होतं. जिल्हा ठाणेच, तेव्हा खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

"अय्या! ठाण्यात कुठे?"

"जरा आत," मी म्हटलं.

असं सात दिवस मी 'जरा आत' राहिले. आठव्या दिवशी सकाळी आमची बोट व्हेनिसच्या धक्क्याला लागली. उन्हात घुमट चमकत होते, सगळे 'वा वा' करत होते, मी डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी राहून त्यांच्याच सुरात 'वा' म्हणत होते. आणि धक्क्यावरून आवाज आला.

"बाईऽऽ! ओ भिवंडीच्या बाईऽऽ!"

नागूबाई उभ्या होत्या. अंगात जावयाचं जाडजूड जाकीट, हिरवी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायात पिवळेधमक गमबूट. हातात कापडी पिशवी. दोन जपानी मुली त्यांचा फोटो काढत होत्या आणि नागूबाई त्यांच्याकडे बघून हसत एक हात माझ्याकडे हलवत होत्या. सकाळी आठपासून त्या तिथे उभ्या होत्या.

मला आनंद झाला नाही, हे लिहायलाच हवं. बावीस वर्षं जिच्या घंटेवर माझा दिवस चालला ती बाई परक्या देशात माझ्यासाठी दोन तास ताटकळली होती, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की ह्या इतक्या मोठ्यानं का ओरडतायत.

त्या थेट टूर मॅनेजरकडे गेल्या. "दादा, आज पुनव हाय. साडेधाला चौकात पानी येल. आदी आतल्या गल्ल्या बगा, मी नेते. पानी उतरलं का मग चौक."

मॅनेजर हसले. "मावशी, आमचं टाइमटेबल असतं. साडेदहाला चौकातच फोटो." मंडळीही हसली. आकाश निळंशार, वारा नाही. बोटीच्या आवाजात हाकेतली 'भिवंडी' कोणाला ऐकू गेली नसावी. डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती गोड आहेत ना! कुठून आल्या असतील?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. ह्या बाईचा हिशेब चुकत नाही, हे त्या सगळ्या गटात फक्त मला माहीत होतं. होळीच्या आदल्या दिवशीचं मैदान मी पाहिलेलं होतं. मी बॅगेतून गॉगल काढून लावला. नागूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आमच्या मागून चालू लागल्या.

साडेदहाला चौकातल्या दगडी फरशीतल्या जाळ्यांतून पाणी वर आलं. आवाज नाही, काही नाही. आधी डबकी, मग डबकी एकमेकांना मिळाली, आणि मग आमच्या गटात एकच आरडाओरड. नवे बूट, मोजे, सगळं भिजलं. कडेला लाकडी फळ्यांचे उंच पाट मांडले होते, तिथपर्यंत जायचं कसं हा प्रश्न. नागूबाई गमबुटांनी पाण्यात शिरल्या. एकेकाचा हात धरून त्यांनी फळीवर पोचवायला सुरुवात केली. मॅनेजरांनाही. डॉक्टरीणबाईंना तर जवळजवळ उचललंच. शेवटी मी. पाणी माझ्या घोट्याला लागत होतं, थंडगार. नागूबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता.

फळीवरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, किती करतायत ह्या! तुमच्या कोण?"

आणि मी म्हटलं, "कोणी नाही. आमच्याकडे कामाला होत्या."

'आमच्या शाळेत' म्हणायचं होतं. 'शाळेत' हा शब्द मी गाळला. चुकून नव्हे. आयुष्यभर शब्द मोजून वापरणाऱ्या बाईच्या हातून तो चुकून गळत नाही. 'आमच्या शाळेत' म्हटलं असतं तर भिवंडीची शाळा निघाली असती, स्टाफरूम निघाली असती, एकत्र काढलेली वर्षं निघाली असती. 'आमच्याकडे' म्हटलं आणि नागूबाई माझ्या घरची धुणंभांडीवाली झाल्या. धुणंभांडी करण्यात कमीपणा नाही. कमीपणा मला हवा होता, त्यांच्यात आणि माझ्यात अंतर पडावं म्हणून. ऐकणारा बाहेर राहतो तो 'आम्ही'. तो मी त्यांचा हात धरून वापरला.

नागूबाईंनी ऐकलं. त्यांनी हात सोडला नाही. मला फळीवर नीट उभी केली, मग सोडला. माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "द्या बाईसाहेब, जड हाय."

बावीस वर्षांत त्यांनी मला कधी बाईसाहेब म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांनी आपली कॅमेऱ्याची बॅगही नागूबाईंकडे दिली. "मावशी, एवढी धराल?" नागूबाईंनी धरली. पुढचे दोन तास त्या आमच्या मागून आमच्या दोन पिशव्या घेऊन चालल्या. मी बघत होते. पिशवी परत घेणं हे काही अवघड काम नव्हतं. हात पुढे करायचा होता फक्त.

मोकळा तास आला. मंडळी काचेच्या दुकानांत पांगली. नागूबाई एका पुलाच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. दोन पूल ओलांडले की दीपालीचं घर. मला वाटलं, त्या म्हणतील, चला. त्या म्हणाल्या नाहीत. घरी कामाला असलेली बाई बाईसाहेबांना कशी घरी बोलावणार? आणि मी म्हणाले नाही, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही तो तास त्या पायरीपाशी उभ्या राहून काढला. पाणी उतरत होतं. त्या पाण्याकडे बघत होत्या, मी पुलाकडे.

बोट सुटताना त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. "भाकरी हाय. आणि सुकट. वाटेत खा." मग म्हणाल्या, "झाकन घट्ट लावलंय, वास न्हाय येनार."

तो डबा मी सहल संपेपर्यंत उघडला नाही. घरी आल्यावर उघडला तेव्हा भाकरीला बुरशी आली होती. काल्हेरच्या तांदळाचं पीठ त्या एवढ्या लांब घेऊन गेल्या होत्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून मी त्यांचे सगळे निरोप ऐकले, पहिल्यापासून. शेवटचा आदल्या दिवशीचा होता. "बाई, उद्या पुनव. जुने बूट घालून या."

मी फोन केला. उचलला नाही. आठवड्यानं केला, उचलला नाही. नागूबाई परत आल्याचं पौषात कळलं. मी डबा घासून पुसून त्यात रव्याचे लाडू भरले, रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून, आणि रिक्षा करून काल्हेरला गेले.

बावीस वर्षं ओळख, आणि त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जात होते. दोन गोडाऊनच्या मधल्या बोळातून आत गेलं की मागे अजून थोडं जुनं गाव आहे. अंगणात पाच-सहा बायका वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या, मध्ये नागूबाई. मला पाहून त्या उठल्या नाहीत आणि बसूनही राहिल्या नाहीत, अर्धवट उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "ह्या कोन गो नागू?"

माझ्या हातात डबा होता. मला वाटलं, आता माझाच शब्द माझ्याकडे येणार. यायलाच हवा होता. मी त्याची तयारी करून, मान खाली घालून उभी राहिले.

नागूबाई म्हणाल्या, "आमच्या शालेच्या बाई. आमी दोगी एकाच शालेत व्हतो."

मी गाळलेला शब्द त्यांनी जागच्या जागी घातला. दोनदा. आयुष्यात मी इतक्या वह्या तपासल्या, पण कुणाची चूक त्याला न दाखवता अशी सुधारणं मला जमलेलं नाही. मला रडू आलं. बायका चमकल्या. नागूबाईंनी माझा दंड धरला आणि मला घरामागे, खाडीच्या बांधाकडे नेलं.

मी म्हटलं, "नागूबाई, मी तिथे जे बोलले ते..."

"लागलं बाई," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लय लागलं. फोन वाजायचा, तुमचं नाव यायचं, हात पुढं व्हायचा न्हाय." मग खाडीकडे बघत म्हणाल्या, "दीपाला काय बोलली न्हाय मी. ती बालाला नवं झबलं घालून बसली व्हती. तिला बोलली, बाईंची बोट लवकर सुटली. तिच्या बाई हायत ना तुमी. तिचं कशाला मोडू?"

मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, एक लाडू मोडला, अर्धा मला दिला. आम्ही बांधावर उभ्या राहून खाल्ला. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात दीपालीनं त्यांना लांबच्या व्हिसावर पुन्हा बोलावून घेतलं. त्या गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. मधूनमधून निरोप येतात, पूर्वीसारखे लांब नाहीत. मी प्रत्येक शेवटपर्यंत ऐकते आणि अंगठा पाठवत नाही, लिहून उत्तर देते.

पण मला नागूबाई दिसतात त्या बांधावरच्या दिवशीच्याच. लाडू संपल्यावर त्यांनी हात झटकले, आकाशाकडे नाही, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भरती लागली. उघाडी लावून येते." शेतं आता दोनच उरली आहेत, बाकी सगळं गोडाऊनच्या पत्र्याखाली गेलं, पण ते लाकडी दार अजून आहे, आणि त्या गावात असल्या की ते त्याच लावायच्या. अरुंद बांधावरून त्या झपझप पुढे गेल्या. मी जागच्या जागी उभी. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि शाळेतल्या त्या आवाजात हाक मारली.

"बाईऽऽ! साडी वर घ्या! पानी येतंय!"

माझ्या पायाखालचा बांध कोरडा होता. पाणी लांब होतं. मी खाली वाकले आणि साडी चार बोटं वर खोचली.